मॅग्नेटोची कोठडी जालन्यात बांधायची तर

प्रश्न असा आला होता: 'एक्स-मेन' चित्रपटांत हात न लावता धातू हलवणाऱ्या मॅग्नेटोला धातूचा कणही नसलेल्या कोठडीत ठेवतात, तशी कोठडी खरंच बांधता येईल का? विचारणारे जालन्याचे आहेत आणि एकांकिकेसाठी तसा सेट करतायत. सळईच्या गावचा माणूस 'सळईशिवाय स्लॅब टिकणार कसा' असं विचारतो, तेव्हा उत्तर नीटच द्यायला हवं.

२००० सालच्या पहिल्या चित्रपटाच्या शेवटी मॅग्नेटो प्लास्टिकच्या कोठडीत दिसतो. मला मात्र २०१४च्या 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'मधली कोठडी जास्त आवडते. काळ १९७३चा, जागा पेंटॅगॉनच्या खाली. कारण असं सांगतात की ही खोली दुसऱ्या महायुद्धात बांधली, तेव्हा पोलादाची टंचाई होती, म्हणून नुसतं काँक्रीट आणि वाळू. याला खरा आधार आहे. पेंटॅगॉनचं काम ११ सप्टेंबर १९४१ला सुरू झालं आणि जानेवारी १९४३मध्ये पुरं झालं. पोलाद वाचावं म्हणून लिफ्टऐवजी मजल्यामजल्यांत काँक्रीटचे उतार केले, वाळू पोटोमॅक नदीतून उपसली. सळई कमी लागली, पण लागली. 'धातू अजिबात नाही' हे चित्रपटाचं.

तुमच्या शंकेचं उत्तर सोपं आहे. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून सपाट स्लॅबला सळई लागते. छत कमानीचं करा, सगळा भार दाबानेच भिंतीत उतरतो. आपल्याकडचे जुने वाडे, गढ्या, बारवा बघा, कमानी नुसत्या दगडाच्या आहेत. सपाटच हवा असेल तर काचतंतूंच्या सळया मिळतात. एमआरआयच्या खोल्यांखाली त्या वापरतात.

खरी अडचण खडीची आहे, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. मराठवाड्यातला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात साधारण १० ते १४ टक्के लोहाची ऑक्साइडं असतात, आणि त्यातलं मॅग्नेटाइट तर चुंबकाला धावून चिकटतं. एकदा करून बघा: गोदावरीची कोरडी वाळू परातीत घ्या, लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि वाळूतून फिरवा. बारीक काळे कण पिशवीला दाट केसांसारखे उभे राहतात. पिशवी उलटी केली की कण सुटे होतात; नुसत्या चुंबकाला चिकटले तर पुसून निघत नाहीत. सिमेंटही सुटत नाही, त्याचा करडा रंग मुख्यतः लोहामुळेच आहे. म्हणून आपल्या भागात ही कोठडी बांधायची तर पांढरं सिमेंट, संगमरवराची खडी आणि बाहेरून आणलेली पांढरी सिलिका वाळू. क्रशरची खडी चालणार नाही, देवगिरीसारख्या कातळात कोरलेली खोली तर अजिबातच नाही.

एवढं करूनही पहारेकरी उरतोच. माणसाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, बहुतेक रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. पण तो एकेक अणू प्रथिनात सुटा सुटा जखडलेला असतो, त्यामुळे चुंबकाने रक्त ओढलं जात नाही. ३ टेस्ला इतक्या जबर चुंबकाच्या एमआरआयमध्ये माणूस खुशाल पडून राहतो. २००३च्या 'एक्स२'मध्ये लिहिणाऱ्यांनी हे भान ठेवलंय. तिथे मॅग्नेटोची साथीदार मिस्टिक पहारेकऱ्याच्या शरीरात आधी जादा लोह टोचते, आणि तो आत आल्यावर मॅग्नेटो ते त्याच्यातून खेचून घेऊन त्याचेच गोळे करतो. जे रक्तात आधीपासून असतं त्याने भागत नाही, बाहेरून आणावं लागतं, हे मला फार पटलं. २०१४मध्येही तेच: विजेच्या वेगाने हलणारा क्विकसिल्व्हर जेवण पोचवणाऱ्या पहारेकऱ्याच्या जागी येतो, काच सांभाळ अशी चिठ्ठी देतो आणि हाताच्या कंपनाने कोठडीवरची काच फोडतो. दोन्ही वेळा वाट माणसानेच करून दिली.

आपल्या इतिहासात याला जोड आहे. गोवळकोंडा १६८७मध्ये पडला तो महिनोन्‌महिने तोफा डागून नाही. फितूर झालेल्या सरदाराने आतून दार उघडलं. तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह मग दौलताबादला चिनी महालात मरेपर्यंत कैदेत राहिला. कधी किल्ल्यावर गेलात तर चिनी महालापाशी थांबा, नुसतं वर चढून उतरू नका.

म्हणून सेटचा पैसा भिंतींवर घालू नका. ताणून बांधलेलं पांढरं कापड आणि मागून दिवा, एवढं पुरे. वेळ द्यायचा तो दाराला. पहारेकरी येतो, घड्याळ काढतो, पट्टा, चाव्या, खिशातली नाणी काढून ठेवतो, लाकडी ताटातून जेवण आत नेतो. हे रोज, त्याच क्रमाने, कंटाळून करताना दाखवा. प्रेक्षकांना नियम आपोआप कळेल, कोणी समजावून सांगायची गरज नाही. एखाद्या पहारेकऱ्याला प्लास्टिकच्या काडीचा चष्मा द्या. काडीच्या बिजागरीत बारीक स्क्रू असतो, आणि चष्मा काढून ठेवायला कोणी सांगत नाही.