परभणी-नांदेडच्या उन्हात इलेक्ट्रिक बसची बॅटरी टिकते का?

टिकते, उन्हाळ्यात कमी होतो तो एका चार्जिंगमधला पल्ला. मी अशा गाड्यांची देखभाल बघतो. आपल्याकडच्या बहुतेक ई-बसमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असते. इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा ती उष्णतेला चिवट, शिवाय आत कूलंट फिरत असतो, त्यामुळे बाहेर पारा ४३ अंशांवर गेला तरी सेल सांभाळले जातात. पण कूलंट गार करायला आणि प्रवाशांच्या एसीला वीज त्याच बॅटरीतून जाते. स्टँडवर दारं उघडी टाकून एसी चालू ठेवला की चार्जचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो. चालकांनी एवढं तरी टाळावंच. मात्र फुल चार्ज केलेली गाडी रोज उन्हात उभी राहिली, तर बॅटरीचं आयुष्य घटतं. डेपोत शेड हवीच.