प्रश्न तुमचे: सरकारला "नाही" कधी म्हणायचं?

या वेळी टपालात आणि ईमेलमध्ये एकाच विषयाचा ढीग लागलाय. सरकार चुकलं, नुसतं चुकलं नाही तर अंगावर आलं, तर नागरिकाने काय करायचं. त्यातले काही प्रश्न निवडलेत, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: सरकारविरुद्ध उभं राहायचा हक्क कुठल्या घटनेत लिहिलेला असतो का, की हे आपलं नुसतं भाषणात बोलायचं?

काही ठिकाणी चक्क लिहिलेलाय. जर्मनीच्या घटनेत कलम २० ला १९६८ साली चौथं उपकलम जोडलं. जो कोणी ही घटनात्मक व्यवस्था मोडायला निघेल त्याला प्रतिकार करायचा हक्क सगळ्या जर्मनांना आहे, दुसरा उपाय उरला नसेल तर. आणि हे आलं कधी, तर सरकारला आणीबाणीचे जादा अधिकार देणारे कायदे पास होत होते तेव्हाच. पोर्तुगालमध्ये १९७४ ला हुकूमशाही गेली, १९७६ च्या घटनेत तसं कलम आलं (आता ते कलम २१ आहे), हक्कांवर घाला घालणारा आदेश मानू नका, आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागणं शक्यच नसेल तर हल्ला बळाने परतवायचीही मुभा.

याच्याही खूप आधी, १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी लिहून घेतलेल्या सनदेत, कलम ६१ होतं. राजाने शब्द मोडला तर २५ सरदारांनी त्याचे किल्ले, जमिनी जप्त कराव्यात, फक्त राजा, राणी आणि पोरांना हात लावू नये. काय झालं त्याचं? काही महिन्यांत पोपने अख्खी सनदच रद्द ठरवली, आणि १२१६ ला ती परत काढली तेव्हा नेमकं हेच कलम गायब. बाकी बरंचसं ठेवलं, पण जी कलमं काढली त्यात हे होतं. कुठल्या ओळीची भीती वाटत होती ते यावरून कळतं.

आता जर्मन कलमातली ती अट परत वाचा, "दुसरा उपाय उरला नसेल तर". त्यात एक मोठी गोची आहे. सत्ता बळकावणारा जिंकला तर हे कलम दाखवायला कोर्टच उरणार नाही, आणि हरला तर लोक म्हणतील की बघा, उपाय होता की. म्हणून मला वाटतं की हक्क लिहिलाय की नाही यापेक्षा उपाय उरलाय की नाही हे कोण आणि कसं ठरवणार, सगळं भांडण तिथे आहे.

प्रश्न: पण डॉ. आंबेडकरांनीच तर सत्याग्रह वगैरे सोडा, ते अराजकाचं व्याकरण आहे असं म्हटलं होतं ना? मग स्वतंत्र देशात रस्त्यावर उतरणं चूकच नाही का? आमच्या ग्रुपवर यावरून जोरदार वाजलंय.

वाजणारच. ते वाक्य सगळे अर्धंच फॉरवर्ड करतात. २५ नोव्हेंबर १९४९ चं घटना समितीतलं भाषण आहे ते, आणि त्यात ते असं म्हणतात की घटनात्मक मार्ग नव्हते तेव्हा दुसऱ्या मार्गांचं बरंच समर्थन करता येत होतं, पण ते मार्ग उघडे असताना करता येणार नाही. म्हणजे त्यांचीही अट तीच. दार उघडं असेल तर दारातून जा.

आणि हा माणूस स्वतः कसा वागला ते बघा ना. महाडचं चवदार तळं. १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोलेंचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, १९२४ ला महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला, पण प्रत्यक्षात कुणाला पाणी भरू देत नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. ही कायदेभंगाची गोष्ट म्हणून सांगतात, पण नीट बघितलं तर कायदा त्यांच्याच बाजूला होता, ते फक्त कागदावरचा हक्क वापरून बघत होते. (जुलूम इथे सरकारपेक्षा समाजाचा होता हे खरं, पण ठराव करून गप्प बसणारी नगरपालिका काय कमी?) मग डिसेंबरमध्ये दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. माणसं जमलेली, सगळे पेटलेले, आणि यांनी तो हुकूम पाळला, तळ्याचं पाणी घेतलं नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, ज्याला मनाई नव्हती. आणि केस लढत राहिले, ती १९३७ ला मुंबई हायकोर्टात जिंकली. दहा वर्षं!

सांगायचं एवढंच की दार उघडं आहे का हे घरी बसून ठरवता येत नाही, ढकलून बघावं लागतं, आणि ढकलल्याची नोंद ठेवावी लागते. अर्ज, त्याची पोच, स्मरणपत्र, कोर्ट. नंतर "आम्ही सगळं करून बघितलं" म्हणताना हातात काहीतरी हवं. आणि शांतपणे मोर्चा काढणं, सभा घेणं हे तर घटनेनेच दिलेलं दार आहे, त्याला अराजक कुणी म्हणायचं कारणच नाही.

प्रश्न: आणि दार खरंच बंद झालं तर? कोर्टानेच हात वर केले तर?

झालंय असं, आपल्याकडेच. जून १९७५ ते मार्च १९७७ आणीबाणी होती, लोकांना खटल्याशिवाय आत टाकलं. नऊ हायकोर्टांनी म्हटलं की अटकेविरुद्ध दाद मागता येते, पण २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणी असेपर्यंत नाही मागता येत. सुनावणीत सरकारी वकिलांना विचारलं होतं की पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारून टाकलं तर? आणीबाणी आहे तोवर उपाय नाही, असं उत्तर आलं. हे कोर्टात, भर सुनावणीत!

तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांची सरन्यायाधीशपदाची पाळी होती, त्यांना डावलून ज्युनियरला केलं, यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही काढून घेता येणार नाही असं केलं, आणि १९७६ चा तो निकाल सुप्रीम कोर्टाने उघडपणे पुसला २०१७ ला. ४१ वर्षं लागली.

आता तुम्ही म्हणाल की त्या एका मताने तेव्हा कोण सुटलं? कोणीच नाही, मान्य. पण दार बंद होतं याचा पुरावा दाराच्या आतल्याच माणसाने लिहून ठेवला, त्यामुळे बाहेर जे लोक भूमिगत राहून पत्रकं छापत होते त्यांना नुसतं गुंड म्हणून निकालात काढता येईना. मला हे फार मोठं वाटतं.

प्रश्न: सगळं शांततेत करून काय मिळतं? सरकारला फक्त बळाची भाषा कळते.

राग समजतो, पण हिशोब उलटा निघतो हो. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या दोघी अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या सत्तेविरुद्धच्या ३२३ मोहिमा तपासल्या, त्यात अहिंसक ५३ टक्के यशस्वी झाल्या, हिंसक २६ टक्के. कारण साधं आहे, बंदूक घेऊन चार तरणी पोरं येतात, संपात आजीही येते. आणि समोरच्या शिपायाला आजीवर गोळी झाडायला जड जातं.

त्याहून मला आवडतं ते १९२० चं बर्लिन. मार्चमध्ये काप नावाच्या माणसाने सैनिकांच्या जोरावर राजधानी घेतली, खरं सरकार पळालं. मग देशभर संप. वीज, रेल्वे, छापखाने बंद, अधिकारी सह्या करेनात, मध्यवर्ती बँक पैसे देईना. चारच दिवसांत कापसाहेब पसार. इमारती सगळ्या ताब्यात होत्या त्याच्या, पण फाईल पुढे सरकवणारा कोणी नव्हता. दरवेळी असं जमतं असं मात्र म्हणत नाही, ४७ टक्के अहिंसक मोहिमांनाही पूर्ण यश मिळालं नाहीच की.

प्रश्न: मी सरकारी नोकरीत आहे. वरून चुकीचं काम सांगितलं तर? घर चालवायचंय, हिरो व्हायचं नाही.

हिरो होऊच नका, "साहेब, लेखी द्या" एवढं म्हणा. बरेच तोंडी आदेश इथेच विरून जातात, कारण सही कुणालाच करायची नसते. लेखी आलंच तर फाईलवर आपला शेरा मारा, नियमाला धरून, भाषा सभ्य, आणि एक प्रत आपल्याकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर जे न्यूरेंबर्ग खटले चालले, त्यांच्यानंतर जी तत्त्वं मांडली गेली त्यात चौथं हेच आहे की वरिष्ठांचा आदेश होता म्हणून माणूस सुटत नाही, नैतिक निवड करणं खरोखर शक्य असेल तर. ही "शक्य असेल तर" तुमच्यासारख्यांसाठीच आहे, कुटुंबाच्या मानेवर सुरी असलेल्याकडून कोणी अपेक्षा करत नाही. पण नुसती बदलीची भीती म्हणजे सुरी नव्हे, हेही स्पष्ट सांगतो.

प्रश्न: माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग सरकारने माझी माहिती गोळा केली तर बिघडलं कुठे?

नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या नोंदीत प्रत्येकाचा धर्म लिहिलेला असायचा, चांगल्या सरकारने, चांगल्या हेतूने. १९४० ला नाझी आले आणि ती कार्डं आयती त्यांच्या हातात पडली. मार्च १९४३ मध्ये काही कलाकार, विद्यार्थी वगैरे मंडळी पोलिसांचे कपडे घालून ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरली आणि ती कार्डं जाळायला स्फोट केला. थोडाच भाग नष्ट झाला, पुढे पकडले गेले आणि बारा जणांना गोळ्या घातल्या. माहिती देताना समोर कोण आहे ते तुम्ही बघता, पुढे ती कोणाच्या हातात जाईल ते तुमच्या हातात नसतं.

प्रश्न: निषेध म्हणून टॅक्स भरणं बंद केलं तर?

अमेरिकन लेखक थोरोने केलं होतं. गुलामगिरी चालवणाऱ्या सरकारला पैसे देणार नाही म्हणून १८४६ ला तुरुंगात गेला, पण एकच रात्र, कारण त्याला न विचारता कोणीतरी त्याचा कर भरून टाकला, आणि सकाळी सोडलं म्हणून हा उलट चिडला! तुम्ही करणार असाल तर आधी घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे कोणी गुपचूप भरायचं नाही. आणि दंड, व्याज, जप्ती याची तयारी ठेवा, आमच्याकडे वकिलाचा नंबर मागू नका.