पिझ्झाचा तळ कच्चा का राहतो?

घरच्या पिझ्झाबद्दल, विशेषतः पिझ्झा स्टोनबद्दल (ओव्हनमध्ये तापवून त्यावर पिझ्झा भाजायचा जाड दगड), गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतो. मी चिंचवडच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर होतो, त्यामुळे उत्तरं बरीचशी भट्टीच्या बाजूने येतील. पिठाचा हात मात्र घरात भाकरी थापणाऱ्यांकडून शिकलो आहे.

प्रश्न : काका, मुलाने वाढदिवसाला पिझ्झा स्टोन भेट दिला. ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) २५० वर ठेवून लाल दिवा विझेपर्यंत, म्हणजे बारा-तेरा मिनिटं, तापवला आणि पिझ्झा दगडावर ठेवला. वरचं चीज करपायला आलं तरी तळ पांढरा आणि ओलसरच. दगड खराब निघाला का? (एक वाचक भगिनी, सांगली)

दगड उत्तम आहे, ताई. तो अजून तापलेलाच नव्हता.

भट्टीवर नवा मुलगा आला की पहिल्या आठवड्यात हीच चूक करायचा. काटा ८५० वर गेला की लगेच वेळ मोजायला लागायचा. त्याला सांगावं लागे, बाबा, ही भट्टीची हवा तापली, जॉब, म्हणजे आत ठेवलेला पोलादाचा तुकडा, अजून पोटातून थंड आहे. पोलादाच्या जाडीला इंचामागे एक तास धरायचा, असा आमचा ठोकताळा होता. या वेळेला आम्ही सोकिंग म्हणायचो, उष्णता आतपर्यंत मुरण्याची वेळ. तुमच्या ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आतली हवा आणि तिथला सेन्सर तापला, एवढाच त्याचा अर्थ. दगड अर्धा इंच जाड, वजन दोन-अडीच किलो, आणि उष्णता पोलादापेक्षा कितीतरी सावकाश आत घेणारा. माझ्याकडच्या दगडाचं तापमान मी दर पाच मिनिटांनी मोजून वहीत लिहिलं होतं. पंधरा मिनिटांनी तो १४० च्या आसपास होता, अर्ध्या तासाने २०० आणि पन्नास मिनिटांनी २४५. तुम्ही तुमचा पिझ्झा १४० च्या दगडावर ठेवलात. वरचे रॉड मात्र लालभडक होते, म्हणून चीज आधी करपलं.

दगड थंड ओटीजीतच ठेवा. रॅक मधल्यापेक्षा एक खाच खाली. खालचे-वरचे दोन्ही रॉड चालू, काटा शेवटच्या आकड्यावर, आणि पाऊण ते एक तास दार उघडायचं नाही. दीड हजार वॅटचा ओटीजी तासभर सलग चालला तरी दीड युनिट, आणि थर्मोस्टॅट अधूनमधून रॉड बंद करतो म्हणून त्याहून कमीच. तेवढी वीज खर्च होऊ द्या, दगडाची सगळी किंमत त्या तासात आहे. ओल्या पिठाचा गोळा टेकल्या टेकल्या त्याला खालून उष्णतेचा लोंढा मिळाला पाहिजे. पातळ पत्र्याच्या ट्रेमध्ये साठाच नसतो, पीठ ठेवलं की तो गार पडतो. तापलेला दगड साठ्यातून देत राहतो, आणि छिद्रं असल्यामुळे तळाची थोडी वाफही शोषतो. तळ कोरडा, खमंग होतो तो यामुळे.

पिझ्झा सात ते नऊ मिनिटं ठेवा. तळाला तांबूस ठिपके आले आणि वर अजून फिकट असेल, तर शेवटचं दीड मिनिट फक्त वरचा रॉड. दुसरा पिझ्झा लगेच घालू नका, दगडाला दहा मिनिटं पुन्हा भरून येऊ द्या. घरी पाहुणे असले की हाच नियम मोडला जातो आणि तिसऱ्या पिझ्झाचा तळ कच्चा राहतो.

जमलं तर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. दगडावर तो आकडा बरोबर दाखवतो. चकचकीत धातूवर मात्र फसवतो, खऱ्यापेक्षा बराच कमी सांगतो, हे भट्टीवर आम्ही अनेकदा पाहिलंय.

प्रश्न : स्टोन घेण्याऐवजी ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ मिलिमीटरची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट कापून घेतली तर? की घरात उरलेला कडाप्पा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा वापरू? (एक वाचक, सातपूर, नाशिक)

प्लेट जरूर घ्या. घरच्या ओटीजीला ती दगडापेक्षाही सरस आहे, आणि यामागचं कारण मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इटलीतल्या नेपल्समध्ये पिझ्झाची भट्टी लाकडावर पेटते आणि ४३० ते ४८० अंशांवर चालते. पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. अस्सल नेपल्सच्या पिझ्झाचे नियम जपणारी संघटना तिथे १९८४ साली स्थापन झाली, आणि तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्या भागातल्या अनेक भट्ट्यांचा तळ सोरेंतोच्या मातीच्या, हाताने घडवलेल्या फरश्यांचा असतो. तिथे त्याला बिस्कोत्तो म्हणतात. ही माती उष्णता अगदी हळू सोडते. एवढ्या तापलेल्या भट्टीत पोलादाची प्लेट घातली तर वरचं शिजायच्या आत तळाचा कोळसा होईल, म्हणून तिथे संथ माती. आपल्याकडे परिस्थिती उलटी. २५० च्या वर काटा जात नाही, तेव्हा आहे ती उष्णता झटकन पिठात ढकलणारा पदार्थ हवा. साधं पोलाद हे काम दगडापेक्षा बरंच वेगाने करतं. तळ पाच-सहा मिनिटांत होतो.

३० बाय ३० सेंटिमीटरची, ६ मिलिमीटर जाड प्लेट सव्वाचार किलोच्या आसपास भरते. तुमच्या ओटीजीची जाळी तेवढं वजन पेलेल ना, हे आधी पाहा. चारी बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर मोकळे ठेवा, हवा फिरायला हवी. गॅल्वनाइज्ड पत्रा अजिबात नको, त्यावर जस्त असतं. कडा ग्राइंडरने मारून घ्या, वरची काळी पापडी घासून काढा, मग साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, बिडाच्या नव्या तव्याला जसं तेल लावून तीन-चार वेळा तापवतात तसं करा.

कडाप्पा नको. तो थराथरांचा दगड, त्यात ओल मुरलेली असते. तापल्यावर थर सुटतात, तडकतो. ओट्याच्या ग्रॅनाइटवर पॉलिश आणि रसायनाचा लेप असतो. चकाकीच्या टाइल्सच्या लेपात काय आहे हे आपल्याला कळत नाही, त्यामुळे त्यावर अन्न ठेवू नये. दगडच हवा असेल तर कॉर्डिएराइटचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या एका सिरॅमिकचा घ्या. गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर जो धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यातली मधाच्या पोळ्यासारखी जाळी बहुतेक याच पदार्थाची असते. तापला तरी फार प्रसरण पावत नाही, म्हणून तापमानाचे धक्के सहन करतो.

प्रश्न : फावड्यावरून पिझ्झा सरकतच नाही. हिसका दिला की चीज दगडावर आणि पीठ फावड्यावर. दोनदा घरभर धूर झाला. (एक वाचक भगिनी, वडोदरा)

तुमच्याकडे भाकरी होत असेल तर हा प्रश्न अर्धा सुटलाच म्हणून समजा. परातीत भाकरी थापताना खाली पिठी असते तोवर ती गरगर फिरते. पिठी ओली झाली की चिकटते. इथेही तेच.

फावडं लाकडी घ्या, बेकरीच्या भट्टीत असतं तसं पण आखूड दांड्याचं. लाकूड थोडी ओल पितं, म्हणून कच्चा पिझ्झा त्यावरून सुटतो. स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं पातळ फावडं भाजलेला पिझ्झा बाहेर काढायला चांगलं. दोन्ही घेणं जमत नसेल तर लाकडी घ्या आणि काढायला मोठं उलथनं आणि चिमटा वापरा.

फावड्यावर तांदळाची पिठी आणि बारीक रवा निम्मा-निम्मा भुरभुरा. मैद्याची पिठी लगेच ओल धरते, तांदळाची बराच वेळ कोरडी राहते. गोळा ओट्यावर थापून पूर्ण मोठा करा, मगच फावड्यावर घ्या. त्यानंतर सॉस, चीज, भाज्या हे सगळं एका मिनिटात. सगळं चिरून, किसून वाट्यांमध्ये तयार असलं पाहिजे. सॉस घातल्यावर फोन वाजला तर घेऊ नका, खरंच सांगतो. दोन मिनिटांत तळ भिजतो. प्रत्येक थरानंतर फावडं हलकं हलवून पिझ्झा सरकतोय ना ते पाहा. एखाद्या जागी अडकला तर तिथली कड उचलून खाली चिमूटभर पिठी घाला. मग फावड्याचं टोक दगडाच्या मागच्या काठाला टेकवा, किंचित तिरपं धरा आणि झटक्यात मागे ओढा. पिझ्झा पुढे ढकलायचा नसतो, फावडं त्याच्या खालून काढून घ्यायचं असतं.

आणि सॉस-चीज कमी घाला. दहा इंचाला साठ-सत्तर ग्रॅम टोमॅटो आणि ऐंशी ग्रॅम चीज पुष्कळ झालं. आपल्याकडच्या टोमॅटोला पाणी फार. किसून, मीठ लावून, अर्धा तास गाळणीत ठेवा आणि खालचं पाणी आमटीत घाला. ताजं, पाण्यातलं मोझरेला असेल तर तेही आधी निथळा.

प्रश्न : इटालियन ‘००’ पीठ आणलं नाही तर पिझ्झा होणारच नाही, असं सगळे सांगतात. आमच्या लातुरात ते मिळत नाही. (एक वाचक)

साध्या मैद्याचा उत्तम होतो, मी तोच वापरतो. ‘००’ ही इटलीतली पीठ किती पांढरं, म्हणजे किती कमी कोंड्याचं आहे याची प्रतवारी आहे. ते पीठ किती पाणी पेलेल आणि किती ताणलं जाईल, ते त्यातल्या प्रथिनांवर ठरतं. पाकिटामागे १०० ग्रॅमला प्रथिनं किती ते वाचा आणि ११ किंवा त्याहून जास्त असलेला मैदा निवडा.

मैदा ५००, पाणी ३००, मीठ १२, साखर ५, तेल १० आणि इन्स्टंट यीस्ट १ ग्रॅम. नेपल्सच्या पिठात साखर-तेल नसतं, तिथली आग दीड मिनिटात रंग आणते. आपल्या सावकाश ओटीजीत मात्र दोन्हींचा उपयोग होतो. दहा मिनिटं मळा, दोनशे-दोनशे ग्रॅमचे चार गोळे करा, तेलाचा हात लावलेल्या डब्यांत झाकून फ्रिजमध्ये चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. थापायच्या आधी दीड तास बाहेर काढा. लातूरच्या मे महिन्यात पाऊण तास पुरे. लाटणं फिरवू नका, आत साठलेली हवा जाते. बोटांनी मधून बाहेर थापत या आणि बोटभर काठ सोडा.

या पाककृतीत कप-वाटीचा हिशेब नाही, कारण मैदा दाबून भरला की वाटीत वीस-पंचवीस ग्रॅम सहज जास्त येतो. म्हणून खरेदीचा क्रम विचाराल तर माझ्या मते आधी वजनकाटा, मग दगड किंवा प्लेट, मग लाकडी फावडं, मग थर्मामीटर. पिझ्झा कापायचं चाक शेवटी, घरातली मोठी कात्री ते काम छान करते.

प्रश्न : दगडावर काळे डाग पडलेत. साबणाने निघतील? (एक वाचक, डोंबिवली)

साबण लावू नका, छिद्रांत शिरतो आणि पुढच्या पिझ्झाला वास येतो. पूर्ण गार झाल्यावर उलथन्याने खरवडा, ओल्या फडक्याने पुसा, दिवसभर वाळू द्या. डाग राहतील, त्यांनी काही बिघडत नाही. माझा पहिला दगड मी नळाखाली धुऊन तासाभरात तापायला ठेवला होता. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि त्याचे बरोबर मधून दोन तुकडे झाले.

जाता जाता, पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या एका दांपत्याने फोनवर विचारलं होतं की ओटीजीच नाही, गॅसवर जमेल का. जमेल. बिडाचा जाड तवा मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. थापलेला गोळा त्यावर टाका, खालून ठिपके आले की उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस-चीज घाला, आच अगदी मंद करा आणि खोलगट झाकण ठेवा. तीन-चार मिनिटं लागतात. मध्ये एकदा झाकण काढून आतल्या बाजूला साचलेलं पाणी फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तेच चीजवर ठिबकतं.