काखेतल्या गाठीसाठी दोन औषधं का टोचतात?

ताई, केमोआधी आईंच्या काखेतल्या गाठीत कॅन्सर होता, आता सर्जन सेंटिनल नोड बायोप्सीसाठी एक किरणोत्सारी आणि एक चमकणारं औषध टोचणार आहेत, एकाने भागणार नाही का, असं तुम्ही विचारलंय. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

स्तनातली लसिका (ऊतींमधून वाहणारा पाण्यासारखा द्रव) काखेतल्या ज्या एक-दोन लसिकागाठींत सर्वात आधी पोचते, त्या सेंटिनल. त्या स्वच्छ निघाल्या तर अनेकदा सगळी काख साफ करणं टळतं आणि हाताला कायमची सूज येण्याचा धोका बराच कमी होतो. अवघड असतं ते चरबीत दडलेली नेमकी गाठ शोधणं.

किरणोत्सारी औषध म्हणजे टेक्नेशियम; त्याचे गॅमा किरण खोलातूनही बाहेर येतात. कापण्याआधीच स्कॅनवर जागा कळते, ओटीत प्रोब (किरण ओळखणारी दांडी) जवळ नेला की त्याचा आवाज वाढतो. पण प्रोबला गाठीची कड दिसत नाही. शिवाय टोचलेली जागा काखेजवळ असेल तर तिथल्या किरणांतच गाठीचा आवाज बुडतो. आयसीजीचं, म्हणजे चमकणाऱ्या औषधाचं, नेमकं उलट. इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली लसिकेची वाहिनी आणि गाठ पडद्यावर चमकतात, मात्र साधारण सेंटिमीटरभराच्या खाली काही दिसत नाही. शिवाय बारीक रेणू असल्याने ते पहिल्या गाठीत न थांबता पुढे सरकतं. नेदरलँड्समध्ये यासाठी आयसीजी टेक्नेशियमच्या नॅनोकोलॉइडलाच (अतिसूक्ष्म कणांना) चिकटवून एकच मिश्रण बनवलं. दोन वेगळी इंजेक्शनं दिली तरी काम होतं.

आईंच्या बाबतीत मी दोन्हींचा आग्रहच धरीन. केमोनंतर लसिकेच्या वाटा बदललेल्या असू शकतात. 2013 च्या अमेरिकेतल्या झेड1071 अभ्यासात अशाच रुग्णांमध्ये रोग शिल्लक असून सेंटिनल गाठी स्वच्छ दिसण्याचं प्रमाण एका औषधाने 20.3 टक्के होतं, दोन वापरल्यावर 10.8. तिथे दुसरं औषध निळा डाय होता, पण तत्त्व तेच.

किरणांची भीती नको. मात्रा अगदी थोडी असते आणि टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मं होतं. घरी वेगळं ठेवावं लागत नाही. आयसीजीत आयोडीन असतं, त्यामुळे कसलीही ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

सर्जनना दोन गोष्टी जरूर विचारा: केमोनंतर निदान तीन सेंटिनल गाठी काढायचा प्रयत्न करणार का? आणि केमोआधी रोग सापडलेल्या गाठीत क्लिप (खुणेसाठी धातूचा बारीक तुकडा) बसवली असेल, तर ती गाठ निघाल्याची खात्री ओटीतच एक्स-रे काढून करणार का?