दहा वर्षांच्या मुलीसोबत मलाही वाचता येईल असं विज्ञानाचं मासिक किंवा वार्तापत्र कोणतं? 'तुम्हाला माहीत आहे का?' छापाची माहिती नको.

'तुम्हाला माहीत आहे का?' छापाचं नको, असं तुम्ही प्रश्नातच लिहिलंय, ते वाचून फार बरं वाटलं. कोणतंही विज्ञान मासिक घेताना मी एकच गोष्ट बघते: 'हे कशावरून?' याचं उत्तर त्यात मिळतं का?

शून्य सावलीचंच घ्या. 'वर्षातून दोनदा सावली नाहीशी होते' एवढंच छापलं, तर मूल वाचतं आणि पान उलटतं. चांगला लेख सांगेल की सूर्य उत्तरेकडे सरकत असतो, म्हणून कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईला महिन्याच्या मध्यावर आणि नागपूरला शेवटच्या आठवड्यात. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे, तिथे तो कधीच येत नाही. मग गच्चीवर पाइपाचा सरळ तुकडा उभा करायचा. त्यातही गंमत अशी, की पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास. कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. नागपूरच्या मावशीलाही फोन करून त्यांच्या गच्चीवर उभं करता येतं. पुण्यात जुलैअखेर येणारा वर्षातला दुसरा शून्य सावली दिवस मात्र बहुतेकदा ढगांत जातो.

या कसोटीला माझ्या मते सगळ्यात जास्त उतरतं ते पुण्याहून निघणारं 'शैक्षणिक संदर्भ' हे द्वैमासिक. काही लेख दहा वर्षांच्या मुलीला जड जातील. ते तुम्ही आधी वाचा आणि तिला गोष्टीसारखे सांगा. हिंदी चालत असेल तर भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेचं 'चकमक' हे मुलांचं मासिक नक्की लावा. 1985 पासून निघतंय, त्यात मुलांनी काढलेली चित्रं असतात आणि 'माथापच्ची' या सदरातली कोडी मोठ्यांनाही घाम फोडतात. मराठी विज्ञान परिषदेची 'पत्रिका' मुख्यतः तुमच्यासाठी. आणि विज्ञानप्रसारक अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची ते फुकट बघायला मिळतं, मराठी पुस्तकंही आहेत.

एक कळकळीची विनंती. अंक आला की तिच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. तिने काही विचारलं आणि तुम्हाला येत नसेल, तर लगेच मोबाइलवर शोधू नका, वहीत लिहून ठेवा. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. खेड्यापाड्यांतली मुलं त्याला पत्रातून प्रश्न विचारायची आणि कार्यक्रमातली जाणती माणसं त्याच्या नावाने उत्तरं पाठवायची. वहीतले जे प्रश्न महिनाभरात तुम्हा दोघांनाही सुटणार नाहीत, ते तिच्याच अक्षरात लिहून मासिकाच्या संपादकांना पाठवा.