सत्तेचाळिशीत स्लॅलम वॉटर स्कीइंग सुरू करावं का?

तुमचा प्रश्न असा की वय 47, मिनेसोटात राहताय, पोहता येतं पण वॉटर स्कीइंग कधी केलं नाही, तर आता एका स्कीवरचं स्लॅलम जमेल का आणि सुरुवात कुठून करायची. जमेल. मी पण चाळिशी ओलांडल्यावरच सुरू केलं, सांगलीकडची आहे, पोहायला विहिरीत शिकले, आणि आता उन्हाळ्यात पहाटे वारा पडलेला असला की मला घरात बसवतच नाही.

स्की नंतर बघा, आधी बोट चालवणारा चांगला माणूस शोधा. लोक नेमकं उलटं करतात, दुकानात जाऊन महागडी स्की आणतात आणि मग बोटीवर कोणालाही बसवतात, तो थ्रॉटल एकदम पुढे ढकलतो आणि मागच्या माणसाचे खांदे निखळायची वेळ येते. आपल्या वयाच्या नवख्या माणसाला पाण्यातून वर काढायचं तर दोरी आधी ताणून घ्यावी लागते, मग एकसारखं बळ देत न्यावं लागतं, आणि हे कळणारी माणसं वॉटर स्की क्लबात भेटतात. मिनेसोटात असे क्लब आहेत, तिथे जाऊन नुसतं काठावर बसा एक दिवस, साठीच्या पुढचे लोक स्की करताना दिसतील आणि अर्धी शंका तिथेच फिटेल.

आता पाण्यातून उठणं. गुडघे छातीशी, हात सरळ, स्कीचं टोक पाण्याच्या वर, आणि हँडल स्वतःकडे अजिबात ओढायचं नाही, बोट ओढते तुम्हाला. तुमच्याच राज्यात लेक पेपिनवर 1922 मध्ये राल्फ सॅम्युएलसन नावाच्या 18 वर्षांच्या पोराने पहिल्यांदा वॉटर स्कीइंग केलं, त्यालाही बरीच खटपट केल्यावर हेच सापडलं की मागे रेलून टोकं वर ठेवली तरच फळ्या पाण्यावर येतात.

इथे एक गोष्ट फार मनावर घ्या. घाईने पाय ताठ करून उभं राहू नका. गुडघा सरळ, कंबरेतून अंग पुढे झुकलेलं आणि त्यात बोटीची ओढ, असं झालं की मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग बसायच्या हाडापासून सुटू शकतो, वॉटर स्कीइंगमधली ही ओळखीची दुखापत आहे आणि कधीकधी ऑपरेशनपर्यंत जातं. शंका आली की हँडल सोडून द्या, पाण्यात बसा, परत सुरू करा. हिवाळा तुमच्याकडे लांबलचक असतो, त्यात जिमला जाऊन दंडापेक्षा हॅमस्ट्रिंग, कंबर आणि हाताची पकड यांच्यावर मेहनत घ्या, आणि आधीचं पाठीचं किंवा खांद्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरा.

शिकायचा क्रम म्हणाल तर बोटीच्या बाजूला आडवा दांडा लावतात, बूम म्हणतात त्याला, तो धरून आधी बॅलन्स कळतो, मग दोरीवर दोन स्की, मग वेकच्या, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या, लाटा पार करणं. दोन स्कीवर स्थिर झालात की एकेक पाय थोडा उचलून बघा, ज्या पायावर जास्त भरवसा वाटतो तो पुढे ठेवायचा, आणि मग दुसरी स्की सोडायची.

आणि मग कोर्स! 259 मीटर लांब, बोट मधून सरळ जाते आणि तुम्ही सहा बॉयना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्यांना, बाहेरून वळसा घालायचा, तीन एका बाजूला तीन दुसऱ्या बाजूला, प्रत्येक मधल्या रेषेपासून 11.5 मीटरवर. स्पर्धेत बायकांसाठी वरची स्पीड ताशी 55 किलोमीटर, खुल्या गटातल्या पुरुषांना 58, आणि 55 ला हे सगळं साधारण 17 सेकंदांत संपतं. वरच्या स्पीडला सहाही बॉय झाले की दोरी आखूड करतात, 18.25 मीटर, 16, 14.25, 13, 12, 11.25, आणि बघा, 11.25 ला दोरी बॉयपर्यंत पोचतच नाही, उरलेलं अंतर माणूस अंग आडवं टाकून आणि हात लांबवून भरून काढतो. पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितलं तेव्हा मी ओरडलेच होते. तुम्ही सुरुवात 40 च्या आसपास करा, आतल्या बाजूला बॉय लावलेला मिनी कोर्स असेल तर त्यावर करा.

मला हा खेळ या वयाला इतका योग्य वाटतो तो याचसाठी, की तुमचा स्कोअर तुमचाच असतो, मागच्या आठवड्यात तीन बॉय झाले आणि आज साडेतीन तर ती खरीखुरी प्रगती, मोजता येणारी, शेजारी वीस वर्षांचा पोरगा काय करतोय त्याने काही फरक पडत नाही. पस्तिशीच्या पुढच्यांचे स्पर्धेत वेगळे वयोगट पण असतात.

खरेदी थोडीच करा. पहिल्या सीझनला रुंद स्की क्लबातून मागून घ्या किंवा सेकंडहँड बघा, अरुंद स्पर्धेची स्की कमी स्पीडला बुडते आणि उगाच दम काढते. कोस्ट गार्डची मान्यता असलेलं, अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट आणि वेटसूट (गार पाण्यात अंग ऊबदार ठेवणारा घट्ट रबरी पोशाख) मात्र स्वतःच्या मापाचे नवे घ्या, कारण मे महिन्यात तिकडचं पाणी फार गार असतं आणि गारठलेल्या पायांनी स्टार्ट शिकू नये, जूनच्या मध्यापर्यंत थांबलात तरी चालेल, तोवर ड्रायव्हर शोधा.