नव्या युरोप्लॅटसला आधी पाणी

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. न्यू जर्सीत एका आयातदाराकडून तुम्ही फँटॅस्टिकसची (युरोप्लॅटस या पानासारख्या शेपटीच्या पालींपैकी एक जात) जोडी घेतली, तिला घरी येऊन चार दिवस झाले. दोघंही काही खात नाहीत. नर रात्री फांदीवरून उतरून तळाच्या कागदावर बसून राहतो. पिंजऱ्यात हीट लॅम्प लावून तुम्ही तापमान २८ अंशांवर ठेवलं आहे. आणि विकणाऱ्याने जंताच्या औषधाची बाटली सोबत देऊन 'पहिल्याच आठवड्यात द्या' असं सांगितलं आहे.

ती बाटली आज उघडू नका. आणि लॅम्प आत्ताच बंद करून या, पुढचं मग वाचा.

पाल म्हटलं की आपल्याला ऊन आणि गरम भिंत आठवते, त्यामुळे लॅम्प लावण्यात तुमची काही चूक म्हणता येणार नाही. पण फँटॅस्टिकस ही मादागास्करच्या पूर्वेकडच्या पावसाळी डोंगररानातली आहे. रानोमाफानासारखं जंगल डोळ्यांसमोर आणा: समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास, धुकं, सतत ठिबकणारी पानं, थंड रात्री. मी मूळची सावंतवाडीची. लहानपणी जुलैत आंबोलीला गेलं की पहाटे खिडकीची काच बाहेरून ओली असायची, अंगावर शाल लागायची आणि झाडाखाली उभं राहिलं तर पाऊस थांबल्यावरही अर्धा तास वरून पाणी गळत राहायचं. इथे श्टुटगार्टला पिंजरा लावताना मी तीच पहाट डोक्यात ठेवते. दिवसा २० ते २३, रात्री १७-१८ पर्यंत उतरलं तरी चांगलंच. २६ च्या वर तासन्‌तास गेलं की ही पाल आतून सुकायला लागते. नर खाली कागदावर येऊन बसतो तो बहुधा त्यामुळेच, तिथे त्याला गारवा आणि ओल मिळते. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर हे तापमान राखणं अवघड आहे. तुमच्याकडे बेसमेंट आहे असं तुम्ही लिहिलंय, तर दोन्ही पिंजरे आज रात्रीच तिथे हलवा. हो, दोन्ही. नर-मादी वेगवेगळे ठेवायचे. एकत्र ठेवलं तर कोण खातंय, कोणाची शी कुठली, काहीच कळत नाही.

आता भुकेचं. ते खात नाहीत म्हणून तुमचा जीव कासावीस झालाय, पण त्यांची पहिली गरज अन्न नाही. ही पाल जंगलात पकडली जाते, कापडी पिशवीत गावाकडून राजधानीतल्या निर्यातदाराकडे जाते, तिथे थांबते, मग विमान, मग घाऊक व्यापारी, मग दुकान किंवा प्रदर्शन, आणि शेवटी तुमचं घर. या प्रत्येक टप्प्यावर तिला पाणी मिळतंच असं नाही. युरोप्लॅटस वाडग्यातलं पाणी सहसा ओळखत नाहीत. पानावरचे, स्वतःच्या तोंडावरचे आणि डोळ्यांवरचे थेंब त्या चाटतात. (त्यांना हलणाऱ्या पापण्या नाहीत, त्यामुळे डोळे जिभेने पुसणं हा त्यांचा रोजचाच उद्योग.) म्हणजे वाटेत कुणी वाडगं ठेवलं असेल तरी ती तहानलेलीच राहिलेली असू शकते. तुमच्या मादीच्या फोटोत डोळे खोबणीत किंचित आत गेलेले दिसतात आणि कमरेपाशी कातडीला घड्या आहेत. ही तहान आहे. तहानलेल्या जनावराच्या पोटात रातकिडा गेला तरी तो नीट पचत नाही.

मी हे अंगावर घेऊन शिकले आहे. २०१३ साली पहिली मादी आणली, तीही आयात केलेलीच. मलाही विकणाऱ्याने औषध सोबत दिलं होतं. तिसऱ्या दिवशी मी ते दिलं, चौथ्या दिवशी ती खाईना म्हणून चिमट्याने रातकिडा तोंडापाशी नेला, पाचव्या दिवशी पुन्हा हातात घेऊन तोंडात थेंब सोडले. नवव्या दिवशी सकाळी ती तळाशी मेलेली सापडली. व्हेटने तपासून सांगितलं की जंत होते, पण तेवढे बहुतेक जंगली पालींत असतात. ती गेली ती शरीरात पाणी नसताना मूत्रपिंडांवर आलेल्या ताणाने. मी केलेली प्रत्येक गोष्ट काळजीपोटी होती आणि प्रत्येक गोष्ट चुकीच्या क्रमाने होती. तुमचा प्रश्न वाचून मी लगेच लिहायला बसले ते याचसाठी.

तेव्हा पहिला आठवडा मुख्यतः पाण्याचा. पिंजरा जाळीचा किंवा किमान एक बाजू जाळीची असावी, हवा खेळती हवी. तळाला किचन पेपर, आत बोटाएवढ्या जाडीच्या उभ्या-तिरक्या काटक्या, आणि प्लॅस्टिकच्या पानांचे भरगच्च झुपके. माती, शेवाळ, जिवंत रोपं सध्या नकोत, कारण शी दिसायला हवी. तीन बाजू बाहेरून कापडाने झाका. दिवे मालवल्यावर फवारा मारायचा, आणि तो दोन पिचकाऱ्यांचा नाही. हातपंपाने सात-आठ मिनिटं बारीक, सलग, पालीच्या थेट तोंडावर नाही तर वरच्या पानांवर, म्हणजे पाणी तिथून ठिबकत तिच्यापर्यंत येईल. बऱ्याचदा पहिली पाच मिनिटं ती हलतसुद्धा नाही आणि सहाव्या मिनिटाला जीभ बाहेर येते. दोन मिनिटांत थांबणाऱ्याला वाटतं की पाल पाणीच पीत नाही. पहाटे दिवे लागण्याआधी पुन्हा एकदा असंच करा. शिवाय वर एक भांडं ठेवून त्याला बारीक भोक पाडा, एका पानावर थेंब-थेंब पडू द्या, खाली ताट ठेवा.

मधल्या काळात पिंजरा सुकला पाहिजे. आर्द्रता फवाऱ्यानंतर ९०-९५ आणि दिवसा उतरून ७० च्या आसपास, असा चढउतार हवा. 'पावसाळी जंगल' म्हणून काचेची पेटी बंद करून चोवीस तास ओली ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या पालींच्या पोटाला फोड येतात आणि छाती भरते. ओला कागद सकाळी बदला.

पाणी अंगी लागतंय हे शीवरून कळतं. शीतला युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, पांढरा भाग आत्ता पिवळट-नारिंगी आणि खडूसारखा कडक असेल. तो मऊ आणि पांढरा झाला की समजा गाडी रुळावर आली. त्या आधी जेवणाचा आग्रह नको.

दर चौथ्या दिवशी वजन करा, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. पालीला हाताने उचलू नका. झाकणाचा डबा समोर धरून पानासकट आत ढकला. रोज वजन करण्याचा मोह टाळा, प्रत्येक धरपकड तिला महाग पडते. वजन लिहून ठेवा. आलं त्या दिवसापासून दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी व्हेटला फोन.

अन्न पाचव्या-सहाव्या रात्रीपासून, म्हणजे तुमच्याकडे उद्या-परवापासून हरकत नाही. रातकिडे पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत. रात्री तीन-चार सोडा, सकाळी उरलेले मोजून काढा, नाहीतर तेच रातकिडे झोपलेल्या पालीला कुरतडतात. रातकिड्यांना तोंड लावत नसेल तर मेणकिड्यांचे पतंग आणा. पंखांची ती फडफड पाहून हट्टी पालसुद्धा मान वळवते. माझ्याकडच्या एका सिकोरेने (युरोप्लॅटसचीच दुसरी जात) अकरा रात्री उपास करून बाराव्या रात्री पतंगच पकडला होता. कॅल्शियमची पूड मात्र पहिल्या घासापासून, विशेषतः मादीला.

मादीबद्दल आणखी थोडं. आयात केलेल्या माद्या पुष्कळदा अंड्यांवर असतात. संध्याकाळी काचेवर किंवा पारदर्शक डब्यात ती असताना खालून हलकी बॅटरी दाखवा. पोटात दोन गोल सावल्या दिसल्या तर तिच्या पिंजऱ्यात एका कोपऱ्यात उथळ डबा ठेवून त्यात उकळून गार केलेली सुकी पानं ओलसर करून भरा. फँटॅस्टिकस पाचोळ्याखाली दोन अंडी घालते. जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, आणि अशक्त मादी त्यातच जाते. अंडी मिळाली तर हलवताना उलटी करू नका. २०-२२ अंशांत ठेवली तर दोन ते तीन महिन्यांत पिल्लं येतात.

औषधाकडे आता येते. जंत नसतील असं मी म्हणत नाही, असणारच. जंगलात ते आणि पाल एकमेकांना सांभाळून असतात. ताणात तोल जातो आणि मग जंत वरचढ होतात. पण कोणते जंत, किती, हे न बघता बाटली ओतणं म्हणजे अंधारात दगड मारणं. काही औषधं गोल जंतांवर चालतात, काही फक्त काही एकपेशीय जीवांवर, आणि कॉक्सिडिया नावाच्या एकपेशीय परजीवींना तिसरंच लागतं. ताजी, ओली शी लहान डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नाही) आणि दिवसभराच्या आत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्हेटकडे पोचवा. असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटेरिनेरियन्सच्या यादीत तुमच्या जवळचे डॉक्टर सापडतील. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात नेऊ नका, एवढ्या लहान जिवाच्या मात्रेचा अंदाज तिथे सहसा नसतो. एक नमुना स्वच्छ आला तरी दोन-तीन आठवड्यांनी दुसरा द्या, कारण जंतांची अंडी रोज बाहेर पडत नाहीत. औषध द्यायचं तेही आत गेलेले डोळे पुन्हा वर आल्यावर, शी मऊ झाल्यावर, मोजून.

तोंड तपासायला जबडा उघडू नका. पिंजरा उघडताच ही पाल घाबरवण्यासाठी स्वतःच 'आ' वासते. तेव्हा फोटो काढून घ्या आणि मोठा करून बघा. हिरड्यांवर पिवळे चिकट कण किंवा एका बाजूला सूज दिसली तर ते तोंडाचं संक्रमण, त्यात थांबायचं नाही. शांत बसलेली असतानाही तोंड उघडंच राहत असेल, श्वासाबरोबर फुगे येत असतील, तर छाती. दोन्हीत त्याच दिवशी व्हेट.

विलगीकरण तीन महिने. त्यांचा फवारा, चिमटा, ताट सगळं वेगळं, आणि तुमच्या क्रेस्टेड गेकोंचं आवरून झाल्यावर शेवटी यांच्याकडे जायचं.

'फँटॅस्टिकस' या नावाने विकलेली प्रत्येक पाल फँटॅस्टिकस नसते. या गटातून अलीकडे नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या आहेत, उदाहरणार्थ २०१९ मध्ये मादागास्करमधल्या मारोजेजीतून फिनारित्रा. पुढे जोडी लावायची असेल तर ती नक्की कोणत्या भागातून आली हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. युरोप्लॅटसच्या सगळ्या जाती २००४ च्या बँकॉक परिषदेत सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये गेल्या, म्हणून पावती आणि आयातीचे कागद फाडू नका. खाली पुण्याच्या एका सदस्याने 'इथे पाळता येईल का' असं विचारलंय, त्यांनाही सांगते: भारतात आता परदेशी प्राण्यांची नोंदणी लागते, पण त्याहून मोठी अडचण पुण्याचा मे महिना आहे. खोलीचं एसी एक दुपार बंद पडलं तरी ही पाल वाचणार नाही. नका आणू. आणि ज्यांना परदेशात घ्यायचीच आहे त्यांनी घरी जन्मलेली पिल्लं शोधावीत. महाग पडतात आणि वाट बघावी लागते, पण जंगलातून एक कमी उचलली जाते.

तर आज रात्री बेसमेंट, आठ मिनिटं फवारा, आणि कापड टाकून खोलीबाहेर. उद्या सकाळी युरेटचा रंग आणि दोघांची वजनं इथेच लिहा. नर अजूनही खालीच असेल तर त्याचा बाजूने घेतलेला एक फोटो टाका, शेपटीचं बूड दिसेल असा. तिथली चरबी किती उरली आहे ते पाहून पुढचं सांगते.